कोणी न छेडलेला गंधार

आदरणीय अध्यक्षमहाराज डॉक्टर दौलतराव कर्णिक, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती परशुरामबुवा आगवेकर, त्यांच्या शेजारी थोड्या संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी विमलाबाई, आपल्या गायनवर्गाच्या आजी-माजी विद्यार्थिनी आणि विद्यार्थी, आणि नौपाड्यातील रसिक बंधुभगिनींनो,

मी या वर्गाचा चिटणीस. एकोणपन्नास साली वर्ग सुरू झाला तेव्हापासून आठ वर्षं मी परीक्षांचे अर्ज भरले, सतरंज्या झटकून घेतल्या, गिरणीवाल्याशी भांडलो. वर्ग पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर भरतो, हे ठाण्यात सर्वांना ठाऊक आहे. मला गाणं येत नाही. हे विनयानं म्हणत नाही. बुवांनी एकदा माझी परीक्षा घेतली होती आणि दोन मिनिटांत मला चिटणीसच राहू द्यावं असं ठरवलं होतं.

मी शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे आज बुवांवर चार अलंकार चढवून बोलेन, असा समितीचा समज असावा. मी तसं करणार नाही. बुवांच्या बाबतीत मी जे डोळ्यांनी पाहिलं आणि एकदा कानांनी ऐकलं, ते आहे तसं सांगितलं तरी पुरे. मघाशी पाहुण्यांनी बुवांच्या शिस्तीबद्दल सांगितलं, निकालांबद्दल सांगितलं. ते सारं खरं आहे. पण ज्या गोष्टीमुळे बुवा माझ्या लेखी मोठे ठरले, ती त्यांची चूक आहे. ती चूक सांगण्याची परवानगी मी काल त्यांच्याकडे मागितली. ते म्हणाले, "मास्तर, तेवढीच सांगा."

तर सुरुवात गोदाबाईंपासून केली पाहिजे. गोदाबाई भोईर. त्या मागच्या दारापाशी बसल्या आहेत. कृपा करून कोणी वळून पाहू नये, त्या उठून जातील.

गोदाबाई कोपरीच्या. रुळांपलीकडची कोपरी, खाडीच्या अंगाची. त्यांचे वडील धाकू भोईर मिठागरात काम करतात, आजोबाही तेच करत. गोदाबाई सातवीची फायनल परीक्षा पास झाल्या आणि गावच्या शाळेत शिकवू लागल्या. पन्नास साली, बावीस वर्षांच्या असताना, त्या आमच्या वर्गात आल्या. रोज शाळा सुटल्यावर पूल ओलांडून चालत येत. वर्गात सर्वांत आधी येऊन तंबोऱ्यावरची खोळ काढत आणि सर्वांत शेवटी ती चढवत. बोलणं फारसं नाही. गळा मात्र असा, की खाली दळण घेऊन आलेल्या बायका पिठाचे डबे हातात धरून जिन्याशी थांबत.

आणि तरीही तीन वर्षं मी वर्गाच्या वहीत त्यांच्या नावापुढे एकच शेरा लिहीत होतो. बुवा सांगत, मी लिही. "कान कच्चा. गंधार उतरतो."

ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही, म्हणजे माझ्यासारख्यांना, हे थोडं उलगडून सांगतो. आमच्या वर्गात तेव्हा पेटीवर गाणं शिकवत. बुवा पट्टी दाबणार, मुली त्यावर सूर लावणार. चाळीस विद्यार्थी, एक तंबोरा, खाली गिरणी. पेटी मोठ्यानं वाजते आणि कधी रुसत नाही. ती घ्यावी असा ठराव समितीत मीच मांडला होता. गोदाबाईंचे बाकीचे सगळे सूर पेटीशी जुळत. गंधाराशी आल्या की त्यांचा सूर पेटीच्या गंधाराच्या किंचित खाली लागे. अगदी किंचित. बुवा थांबवत. पट्टी दाबून धरत. म्हणत, "वर घ्या." त्या वर घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

असं तीन वर्षं. आपल्यापैकी कोणाला तीन वर्षं एका स्वरासाठी रोज चारचौघांत थांबवलं असतं, तर आपण किती दिवस टिकलो असतो? मी स्वतःला हे विचारून पाहिलं आहे. उत्तर सांगण्यासारखं नाही.

चोपन्न सालच्या जानेवारीतला एक शनिवार. भूप चालू होता. भूपात गंधार हा मुख्य स्वर. सारा राग त्याच्याभोवती फिरतो. गोदाबाई गात होत्या आणि बुवांनी त्यांना नवव्यांदा थांबवलं. त्या दिवशी बुवांचा धीर सुटला. ते म्हणाले, "गोदाबाई, देवानं तुम्हाला गळा दिला आणि कान द्यायचा राहिला. गाण्यात तुमचं काही व्हायचं नाही. तुम्ही पेटी शिका."

गोदाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, आणि चार वर्षांत त्यांचं एवढं लांब वाक्य मी प्रथमच ऐकलं, "बुवा, मी पेटीच्या गंधाराला लावतच नाही. तंबोऱ्यात वाजतो, त्याला लावते."

"तंबोऱ्यात काय वाजतं?"

"गंधार."

तंबोऱ्याला तारा चार. एक पंचमाची, दोन षड्जाच्या आणि एक खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. गंधाराची तार त्यात नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे पाठ असतं. आमचे तबलजी महिपतराव समोर बसले आहेत, त्यांनी डग्ग्यावरचा हात उचलला आणि म्हणाले, "कोपरीचा तंबोरा पाच तारांचा असेल, बुवा. मिठागरात एक तार जास्त पिकत असेल." वर्ग हसला. मीही हसलो. मी चांगलाच हसलो, हे इथे नमूद करतो.

बुवा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, हा राग आहे. त्यांनी गोदाबाईंना सांगितलं, "तुम्ही घरी जा." गोदाबाईंनी तंबोरा नीट ठेवला, खोळ चढवली, बुवांना वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेल्या. सोमवारी आल्या नाहीत. मंगळवारी आल्या नाहीत.

बुधवारी संध्याकाळी बुवा माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. विचारलं, "मास्तर, दुपारी गिरणी किती वेळ बंद असते?" मी म्हटलं, एक ते तीन. म्हणाले, "उद्या शाळेतून अर्धी रजा काढून या."

गुरुवारी मी वर गेलो तेव्हा पेटीवर तिचं झाकण होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. बुवा तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. गिरणी बंद. मी त्या खोलीत इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. बुवा तंबोरा लावू लागले.

एरवी हे काम ते पाच मिनिटांत करत. पेटीची पट्टी दाबायची, खुंटी पिळायची, झालं. त्या दिवशी पेटी नव्हती. एक तार छेडायची आणि ती पुरती विरेपर्यंत थांबायचं. खुंटी केसाएवढी फिरवायची. पुन्हा छेडायची. खालचा मणी नखानं सरकवायचा. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो पुढे-मागे करायचा. त्यानं तारेचा आवाज मोकळा होतो, फुलतो. त्याला जवारी लावणं म्हणतात. पाऊण तास बुवा हेच करत होते. त्यांच्या बोटांना सवय राहिली नव्हती. दोनदा दोरा हातातून सुटला. जानेवारीची दुपार, आणि त्यांची पैरण पाठीला चिकटली होती.

मग चारही तारा एका लयीत वाजू लागल्या. बुवांनी विचारलं, "काय ऐकू येतं?"

मी म्हटलं, "तंबोरा."

"आणखी?"

मी म्हटलं, आणखी काही नाही.

"खर्ज छेडली की लगेच ऐकू नका. ती विरू लागते तेव्हा ऐका. आणि काही शोधू नका."

मी डोळे मिटले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग मला वाटलं, खोलीत कोणीतरी आलं. मी डोळे उघडले. बुवा आणि मी, दोघंच होतो. बुवांचे ओठ मिटलेले होते. आणि चार तारांच्या वर, त्यांच्यापासून अलग, एक स्वर उभा होता. पंचमही नाही, षड्जही नाही. बारीक, स्वच्छ, कोणाच्या गळ्यातला नाही, कोणाच्या बोटांखालचा नाही. दर खेपेला खर्ज विरू लागली की तो उमटे, आणि पुढची तार वाजली की त्याच्यातून वाट काढत तसाच राही. त्याला कोणी हात लावत नव्हतं.

मंडळी, मी पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस आहे. वर्गात मुलांना सांगतो की शब्द जपून वापरा. त्या दुपारी जे वाटलं त्याला मी कोणता शब्द वापरू? मी तंबोऱ्याशेजारी पाच वर्षं बसलो होतो. शेकडो दुपारी, शेकडो संध्याकाळी. हा स्वर तिथे होता किंवा असू शकत होता, आणि मी पावत्या फाडत होतो.

बुवांनी तंबोरा खाली ठेवला. आणि मग जे सांगितलं, ते त्यांनी विमलाबाईंनाही आधी सांगितलं नव्हतं.

ते एकोणीस वर्षांचे असताना मिरजेला गुरूंकडे राहायला गेले. गुरूंनी सहा महिने गाऊ दिलं नाही. रोज पहाटे तंबोरा लावायचा आणि ऐकायचं, एवढंच काम. गंधार ऐकू येईल त्या दिवशी तोंड उघडायचं. सहाव्या महिन्यात तो ऐकू आला. त्या दिवशी गुरूंनी गूळ वाटला होता. "आपण लावतो तो सूर नव्हे," गुरू म्हणाले होते, "हा लागलेला असतो. आपण त्याच्यापाशी जायचं."

हे सांगून बुवांनी तंबोऱ्यावर खोळ चढवली. मग म्हणाले, "मास्तर, त्या मुलीला कोणी सांगितलं नाही. तिनं स्वतः ऐकलं. आणि मला माहीत होतं. माहीत असून मी तिला तीन वर्षं खोटं पाडलं."

मी दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या शिक्षकांना गाठलं. पंढरीनाथ त्यांचं नाव. फार सरळ माणूस. त्यांनी फळ्यावर तार काढून दाखवली. म्हणाले, एक तार कधीच एकटी वाजत नाही. ती सबंध थरथरते, त्याच वेळी अर्ध्यात थरथरते, तिसऱ्या भागात, चौथ्या भागात. पाचव्या भागात थरथरते तो गंधार. पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, म्हणजे कोणत्याही पट्टीपासून सुरुवात करता यावी. सोय म्हणून. त्या सोयीसाठी प्रत्येक सुराला थोडं सरकावं लागतं, आणि गंधाराला बरंच वर सरकावं लागतं. म्हणजे पेटीचा गंधार चढा. तारेतला गंधार खरा. गोदाबाई बरोबर.

मला ते समजलं. समजल्यावर आश्चर्य कमी व्हावं अशी रीत आहे. माझं वाढलं. एका ताणलेल्या तारेत हे सगळं आधीपासून आहे, आणि माणसानं फक्त ती खरी लावायची आणि गप्प बसायचं. यावर मी आणखी काही बोलू नये.

त्याच शुक्रवारी आम्ही दोघे कोपरीला गेलो. मिठागराच्या बांधावरून. धाकू भोईर गुडघ्यापर्यंत उघड्या पायांनी, हातात लांब दांड्याचं फावडं, खाचरातलं मीठ कडेला ओढत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की हे मीठ तुम्ही कसं करता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, हा मास्तर आहे ना? म्हणाले, "मीठ काय कोन करतं? पानी घेवाचं, बांद नीट घालवाचा, नि हलवाचं नाय. त्ये आपलं येतं."

बुवा बांधावर थांबले. ते धाकूंना म्हणाले, "हे मला पुन्हा एकदा सांगा." धाकूंनी पुन्हा सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बुवांची तब्बेत बरी हाय ना?"

गोदाबाई शाळेतून आल्या तेव्हा आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आम्हाला पाहून त्या अंगणातच थबकल्या. बुवा उठले. आमच्या गाण्याच्या जगात गुरू शिष्यासमोर उठत नाही. शिष्यानं चूक दाखवली तर ती ऐकण्याचीही रीत नाही. चूक दाखवण्याचीच नाही. बुवा उठले, ओट्याची पायरी उतरले, आणि हात जोडून म्हणाले, "गोदाबाई, गंधार तुमचा खरा आहे. माझा बिघडला आहे. तो दुरुस्त कराल का?"

धाकूंनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. त्यांना काय चाललं आहे ते कळलं नसेल, पण अशा वेळी डोकं झाकलेलं असू नये एवढं त्यांना कळलं. मी दुसरीकडे पाहू लागलो. गोदाबाई रडतील, पाया पडतील, असं माझ्या मनात आलं. आम्हा वाचणाऱ्या लोकांच्या मनात अशा वेळी तेच येतं. तसं काही झालं नाही. त्यांनी थोडा विचार केला.

"आधी तंबोरा नीट लावायला पाहिजे, बुवा," त्या म्हणाल्या. "रोज पंचम थोडा उतरलेला असतो."

तेव्हापासून रोज दुपारी, गिरणी बंद असताना, एक नवा वर्ग सुरू झाला. त्याची फी नव्हती आणि माझ्या वहीत त्याची नोंद नाही. गोदाबाई शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत येत. बुवा भूपाचा गंधार लावत. गोदाबाई डोळे मिटून सांगत, "वर आहे. अजून वर आहे. आला. गेला." चोपन्न वर्षांचे बुवा पुन्हा लावत. ते माझ्यादेखत. एकदा विमलाबाई त्यांचा डबा घेऊन आल्या, दारात उभं राहून त्यांनी हे पाहिलं आणि डबा तिथेच ठेवून पावलं न वाजवता परत गेल्या. संध्याकाळच्या वर्गात बुवांनी मुलांना सारं सांगितलं, आपली चूकही, आणि पेटी बंद झाली. काही पालकांनी मुलं काढून घेतली. समितीत बरीच चर्चा झाली. तो वृत्तांत मी सुवाच्य अक्षरात लिहिला आहे.

महिपतरावांबद्दलही सांगितलं पाहिजे, नाहीतर ते मला रस्त्यात गाठतील. त्यांनी तबला बाजूला ठेवला आणि पंधरा दिवस रोज तंबोऱ्याला कान लावून बसले. ऐकू आला का, असं विचारलं की म्हणत, "मला पोरी फसवतायत." सोळाव्या दिवशी ते ताडकन उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आला साला." अध्यक्षमहाराज, क्षमा असावी, शब्द त्यांचे आहेत. पण मी आयुष्यात जी काही भाविक माणसं पाहिली, त्यांच्यापैकी कोणाचाही चेहरा त्या क्षणी महिपतरावांच्या चेहऱ्यापेक्षा वेगळा असेल असं मला वाटत नाही.

आता परीक्षेकडे येतो. तिथेच या सगळ्याची गाठ आहे.

गायनवर्गात शिकवायचं तर वरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. हे आमच्या वर्गाच्या नियमावलीतील सातवं कलम. गोदाबाईंना शिकवायचं होतं. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही. कोपरीच्या शाळेत मुलांना त्या कविता चालीवर शिकवत आणि म्हणत, यांना खरा सूर कोणीतरी दाखवला पाहिजे. पंचावन्न सालच्या एप्रिलमध्ये त्या कल्याणच्या केंद्रावर परीक्षेला बसल्या. बुवा आणि मी सोबत होतो. परीक्षक वयस्कर, सौजन्यशील गृहस्थ होते. बुवांनी त्यांना विनंती केली की माझ्या विद्यार्थिनीला नुसत्या तंबोऱ्यावर गाऊ द्यावं. त्यांनी शांतपणे सांगितलं की सर्वांना साथ सारखी असते, पेटीची. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. दिवसाला तीस उमेदवार ऐकायचे असतात.

गोदाबाईंचं नाव पुकारलं गेलं. तेव्हा बुवांनी त्यांना बाजूला घेतलं आणि जे म्हणाले ते मी ऐकलं.

"आज वर घ्या. एवढा एक दिवस. प्रमाणपत्र हातात पडू दे."

वर्षभर ज्यांनी स्वतःचा गंधार एका शिष्येच्या पायाशी ठेवला होता, ते बुवा हे म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. मला ते फार जवळचे वाटले. गोदाबाई "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

दार उघडं होतं. भूप होता. पहिल्याच गंधाराला पेटी एकीकडे आणि गळा एकीकडे. पेटीवाल्यानं वर पाहिलं. पुन्हा गंधार, पुन्हा तेच. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. पेटीवाला पट्टी जोरानं दाबू लागला, जणू समोरच्या बाईला नीट ऐकू येत नसावं. गोदाबाई गात राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, सूरही चढवला नाही. बाहेर व्हरांड्यात बुवा भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते आणि मी त्यांच्या ओठांवरून ओळखलं, ते मनातल्या मनात म्हणत होते, आला. आला. आला.

निकालपत्रावर शेरा होता, "गंधार उतरता." अनुत्तीर्ण. मी तीन वर्षं लिहीत होतो तेच शब्द, दुसऱ्याच्या अक्षरात.

परत येताना बुवांनी विचारलं, "का हो, वर घेणार होतात ना?"

"घेणार होते, बुवा," गोदाबाई म्हणाल्या. "पण मी तोंड उघडलं तेव्हा तो आधीच येऊन बसलेला. त्याला उठवायचं कसं?"

पुढच्या वर्षी मी परीक्षेचा अर्ज घेऊन गेलो. त्यांनी तो कोराच परत केला.

आता बुवा निवृत्त का होत आहेत? पाहुण्यांनी वय सांगितलं, प्रकृती सांगितली. बुवांनी प्रतिवाद केला नाही, कारण समारंभात ते बरं दिसत नाही. पण त्यांचं राजीनाम्याचं पत्र माझ्याकडे आहे आणि ते वाचायला त्यांनी मला मोकळीक दिली आहे. पत्र लहान आहे.

"समितीस सविनय. तीन वर्षं मी शिकतो आहे. माझा गंधार आता दहापैकी सहा वेळा खरा लागतो. शिकवणाऱ्याचा दहाही वेळा लागला पाहिजे. मुलं सहा आणि चार यांत फरक करत नाहीत, दोन्ही शिकतात. म्हणून मी उठतो. माझ्या जागी गोदाबाई भोईर यांना बसवावं. दुसरी विनंती नाही."

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. खोलीत कोणी नव्हतं.

समितीत आम्ही पाच जण आहोत. गेल्या आठवड्यात या विषयावर दोन मतं एका बाजूला पडली आणि दोन दुसऱ्या. विरोध करणारे सद्हेतूचे आहेत. ते सातव्या कलमाकडे बोट दाखवतात. प्रमाणपत्र नाही, मग नेमायचं कसं? त्याच सभेत आणखी एक वाक्य बोललं गेलं. मिठागरातली बाई नौपाड्यातल्या मुलींना गाणं शिकवणार का, असं ते वाक्य होतं. वृत्तांतात ते नाही. मी लिहिलं नाही. तेव्हा मला ते न लिहिणं सभ्यपणाचं वाटलं. आज ते या सभागृहात उच्चारून मी वृत्तांत पुरा करतो आहे.

पाचवं मत माझं. मी त्या दिवशी वेळ मागून घेतला. उद्या सकाळी नऊ वाजता सभा आहे. आठवडाभर मला झोप नीट लागलेली नाही, कारण सातवं कलम मी लिहिलेलं आहे. एकोणपन्नास साली, माझ्या टेबलाशी, माझ्या हातानं. ते लिहिताना मला वाटलं होतं की योग्य माणूस ओळखायला कागद पुरतो. आणि ज्या कागदानं गोदाबाई नापास झाल्या, त्या कागदाची वाट आधी तीन वर्षं माझ्याच वहीनं घालून दिली होती. पेटीचा ठराव माझा, शेरा माझ्या अक्षरात, कलम माझं. बुवांनी आपली चूक कोपरीच्या अंगणात उभं राहून सांगितली. मी नौपाड्याच्या व्यासपीठावरूनही माझी सांगू नये, तर मग आज बुवांचा सत्कार आपण कशाचा करतो आहोत?

म्हणून, अध्यक्षमहाराज, माझं मत मी इथेच देतो. ते गोदाबाई भोईर यांना आहे. उद्या नऊ वाजता मी सातवं कलम मागे घेण्याचा ठराव मांडेन, आणि तो ज्यांनी ऐकला ते सर्व आपण साक्षीदार आहात.

आभार मानणं माझ्याकडे दिलं आहे. अध्यक्षमहाराजांनी दवाखान्याची वेळ मोडून इथे हजेरी लावली, पाहुण्यांनी लांबून येण्याची तसदी घेतली, वाचनालयानं सभागृह दिलं, महिपतरावांनी हार आणले आणि गिरणीवाल्यानं आज संध्याकाळी दळण बंद ठेवलं. या सर्वांचा वर्ग ऋणी आहे. विमलाबाईंचे आभार मानायला माझ्याजवळ शब्द नाहीत, आणि असते तरी त्यांना ते आवडले नसते.

बोलताना काही कमी-अधिक झालं असेल. एक गोष्ट तर नक्कीच झाली आहे: सभेत द्यायचं मत समारंभात सांगणं हा चिटणिसाच्या हातून घडलेला नियमभंग आहे. तो जाणूनबुजून केला आहे, तरीही आपण पोटात घालावा अशी प्रार्थना करतो.

आता शेवटचं. कार्यक्रमपत्रिकेत बुवांचं गायन छापलं आहे. ते होणार नाही. गाणाऱ्या गुरूच्या मागे तंबोरा घेऊन शिष्यानं बसायचं, ही आपली जुनी रीत. बुवांनी निरोपाच्या दिवशी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: आज पुढे गोदाबाई बसतील, भूप गातील, आणि त्यांच्या मागे तंबोरा घेऊन परशुरामबुवा बसतील.

गोदाबाई, पुढे यावं. मंडळी, तंबोरा लागायला वेळ लागेल. कोणी घड्याळाकडे पाहू नये. आणि पंखे बंद करावेत.